सदऱ्यात आधी कुठला हात?

लकव्याचा झटका येऊन गेला, दवाखान्यातून सुट्टी मिळाली, माणूस घरी आला. नवी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी उभी राहते: सदरा कसा घालायचा? व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) त्याची रीत शिकवतात. घालताना लुळा हात आधी, काढताना तो शेवटी. वळायचं-वाकायचं काम चांगला हात करतो.

व्यवसायोपचाराची ओळख अशा कामांवरून पटते, नावावरून नाही. ‘व्यवसाय’ म्हटलं की ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडच्या बाजारात कुणालाही धंदाच आठवेल. इथे मात्र त्याचा अर्थ माणसाचा सगळा दिवस: अंघोळ, जेवण, चूल, शाळा, शेत. फिजिओथेरपीचा भर हालचालीवर आणि ताकदीवर असतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ त्याच हातापायांनी रोजचं कोणतं काम जमेल ते बघतात, आणि जमत नसेल तर वस्तू किंवा बैठक बदलतात. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला, तर ढिल्या मुठीतही तो राहतो.

भारतात या शिक्षणाचा पाया कमलाबाई निंबकरांनी घातला. त्या मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लंडी. १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा सुरू केली. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची.

आपल्याकडून केईएमला जायचं, तर आसनगावहून लोकलने दादर गाठलं की परळ जवळच. मुरबाडला रेल्वे नाही. आधी एसटीने कल्याण. आजारी माणसाबरोबर जाणाऱ्याचा रोजगार बुडतो तो वेगळाच. म्हणून सुरुवात गावातून करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. १८ वर्षांपर्यंतची मुलं तपासून पुढे पाठवतं. बाळ वेळेवर बसत नसेल, मुठी सतत आवळलेल्या असतील, तर पथकाची वाटही पाहू नये, अंगणवाडीताईंना लगेच सांगावं. मोठ्यांसाठी शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय. तिथल्या डॉक्टरांकडे ‘व्यवसायोपचारासाठी’ असं स्पष्ट सांगून चिठ्ठी मागावी. खासगी तज्ज्ञ गाठले, तर राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको.

आणि जाताना घर सोबत न्यावं. उंबरा किती उंच, चूल जमिनीवर की ओट्यावर, विहीर किती लांब, संडासाची वाट कशी, याचे फोटो मोबाइलमध्ये असू द्यावेत. शहरातल्या तज्ज्ञांच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकाचा ओटा असतो. पाड्यावरच्या बाईला स्वयंपाक जमिनीवर बसून करायचा असतो. फोटो पाहिले की सल्लाही त्या घराला जुळणारा मिळतो.

तज्ज्ञांनी शिकवलेलं घरी जो करून घेणार, त्यानेच ते त्यांच्यासमोर एकदा करून दाखवावं. चूक तिथल्या तिथे सुधारते, आणि कल्याणची एखादी खेप वाचते.