महालयाची पहाट आणि घरचा स्टिरिओ

कोलकात्यात महालयाच्या, म्हणजे सर्वपित्री अमावस्येच्या, पहाटे 4 वाजता आकाशवाणीवर ‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम लागतो. 1931 पासूनची ही परंपरा. वीरेंद्रकृष्ण भद्र यांचा आवाज, पंकज मल्लिक यांचं संगीत. 1976 मध्ये त्याऐवजी अभिनेते उत्तम कुमार यांना घेऊन नवा कार्यक्रम केला, तर श्रोते खवळले आणि जुनाच परत आणावा लागला.

पहाटे हा कार्यक्रम आपोआप लागावा, म्हणून स्टिरिओची तयारी आदल्या रात्रीच करावी. आधी घड्याळ लावायचं, मग टायमर. स्रोत म्हणून ट्यूनर निवडायचा आणि संच स्टँडबायवर ठेवायचा. भिंतीवरचं बटण बंद केलं, की टायमर मुका.

कोलकाता ‘अ’ केंद्र मध्यम लहरींवर 657 किलोहर्ट्‌झला आहे. भारतात या लहरींवरची केंद्रं 9 किलोहर्ट्‌झच्या अंतराने असतात, अमेरिकेत 10 च्या. तिकडून आणलेला संच 650 वरून थेट 660 वर उडी मारतो. त्यामुळे ट्यूनिंगचं अंतर 9 वर आणावं लागतं. ते कसं, हे माहितीपुस्तिकेत असतं. मध्यम लहरींची चौकोनी अँटेना फिरवून पाहावी, एफएमची वायर मात्र पूर्ण उलगडून ताणावी.

झोप लागलीच, तर ध्वनिमुद्रण आहे. पण कार्यक्रम सुमारे दीड तासाचा, आणि ऑडिओ सीडीत जेमतेम 80 मिनिटं मावतात. 128 केबीपीएसच्या एमपीथ्रीत तोच 86 एमबीत बसतो. पेनड्राइव्ह संचाने ओळखला नाही, तर तो बहुधा एनटीएफएस असतो. फॅट32 करून पाहावा. फॉरमॅटमध्ये आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून गाणी आधी दुसरीकडे उतरवून ठेवावीत.