कार्ड आणि गोळी

आमची आजी म्हणते, "दुखणं काही कुणाचं घर बघून येत नाही." पण दुखणे आले की आपल्याला मात्र आधी घर बघावे लागते. घरात रोकड किती, विकण्यासारखे काय, कोणापुढे हात पसरता येईल, याचा हिशेब मांडावा लागतो. गेल्या वर्षी आमच्या घरी हा हिशेब मांडण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्या हिशेबाच्या वहीतून आरोग्य विम्याविषयी मला जे समजले, ते या लेखात सांगण्याचा प्रयत्न करते.

आमचे वडीगोद्री हे गाव अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. माझे वडील, म्हणजे अण्णा, दीड एकरात कापूस लावतात आणि एरवी मोसंबीच्या बागांत तोडणीला जातात. गेल्या पावसाळ्यात एका पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. अंग घामाने भिजले. जीप करून आम्ही त्यांना छत्रपती संभाजीनगरला नेले. हृदयाची एक रक्तवाहिनी बंद झाली होती. तेथे स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. आईचा पहिला प्रश्न होता, "किती लागतील, साहेब?"

उत्तर आले, "रेशन कार्ड आणि आधार कार्ड आणलंय का?"

या उत्तरामागे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उभी होती. २०१२ साली आठ जिल्ह्यांत ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर पसरली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. २०२० पासून केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला जोडलेली आहे. आरंभी कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत संरक्षण होते. जुलै २०२४ पासून ते पाच लाख झाले आणि राज्यातील सर्व कुटुंबे योजनेत आली. खर्चाचा भार सरकार उचलते. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. तो कागद पाहतो, उपचाराची मंजुरी मागविली जाते, आणि ती मिळाली की त्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत.

अण्णांचे ऑपरेशन झाले. त्याचा एक रुपयाही आम्हांला पडला नाही. ज्यांनी ही योजना आणली व चालविली, त्यांचे ऋण आमचे घर विसरणार नाही.

परंतु माझ्या वहीचे दुसरे पानही आहे. त्यावर लिहिले आहे : जीप २,५०० रुपये. भरती होण्यापूर्वी बाहेर केलेल्या तपासण्या ३,२००. आई आणि मी यांचे जेवण व येणे-जाणे २,६००. पुढच्या तीन महिन्यांच्या गोळ्या ३,६००. दोन वेळा दाखवायला नेले तो खर्च १,८००. एकूण १३,७०० रुपये. आईची बुडालेली मजुरी यात धरलेली नाही. दोन शेळ्या विकल्या, उरलेले उसने घेतले. मामा म्हणाले, "पोरीचं कॉलेज एक वर्ष थांबवा." अण्णा खाटेवरूनच म्हणाले, "ते सोडून बोला, दाजी."

हे दुसरे पान का भरले? कारण योजना पैसे देते ते प्रामुख्याने रुग्णालयात भरती होऊन करावयाच्या, यादीत नाव असलेल्या उपचारांना. जुलै २०२४ मध्ये त्या यादीत १,३५६ उपचार होते. पुढे ती वाढविण्याचाही निर्णय झाला. सुट्टीनंतरची थोड्या दिवसांची औषधेही त्यात येतात. पण भरती न होता डॉक्टरांना दाखविणे आणि वर्षानुवर्षे घ्यावयाच्या गोळ्या यांना हे कार्ड चालत नाही.

आणि खरी गोष्ट येथेच आहे. अण्णांना रक्तदाब आहे, हे दोन वर्षांपूर्वीच कळले होते. रोज एक गोळी घ्यावयाची होती. दोन महिने त्यांनी घेतली आणि मग म्हणाले, "आता बरं वाटतंय, कशाला पैसे घालायचे?" रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणून तो वाढला तरी माणसाला कळत नाही. गोळीला कार्ड नव्हते म्हणून ती थांबली. तिने झटका नक्की टळला असता असे मी म्हणत नाही. पण न घेतलेल्या गोळीने धोका वाढला, हे डॉक्टरांनीच सांगितले. रोजच्या गोळीला कार्ड चालत नाही आणि लाखाच्या ऑपरेशनला चालते, हा व्यवहार उलटा नाही का?

एकदा अर्थशास्त्राच्या तासाला मी सरांना विचारले, "श्रीमंत देशांत असे होत नसेल ना?" सर म्हणाले, "अमेरिकेविषयी वाच आणि मग सांग." वाचले आणि थक्क झाले. तेथे बहुतेक कामकरी कुटुंबांचा विमा नोकरीतून येतो. २०२४ साली अशा कुटुंब-विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५ हजार डॉलरच्या वर, म्हणजे वीस लाख रुपयांहून अधिक होता. मोठा वाटा मालक भरतो, पण नोकरी गेली की विमाही डळमळतो. शिवाय दर वर्षी ठरावीक रकमेपर्यंतची बरीचशी बिले स्वतःच भरावी लागतात. तिला 'डिडक्टिबल' म्हणतात. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर व गरिबांसाठी मेडिकेड या योजना आल्या, २०१० मध्ये मोठा कायदा झाला, तरी २०२३ साली सुमारे २ कोटी ६० लाख लोक विम्याविना होते. इन्सुलिन महाग म्हणून तेथील काही मधुमेही ते पुरवून पुरवून घेत. अखेर २०२२ च्या कायद्याने मेडिकेअरमधील लोकांसाठी महिन्याच्या इन्सुलिनला ३५ डॉलरची मर्यादा घालावी लागली. वाचताना मला अण्णांची गोळी आठवली. देश कोठला, पैसा कोठला! पण विमा असूनही औषध पुरवून घेणारा माणूस तेथेही आहे.

तात्पर्य, विमा किती लाखांचा यावरून त्याची परीक्षा होत नाही. त्याच्या बाहेर काय राहिले यावरून होते.

मग आपण काय करावे? एक गोष्ट मला फार उशिरा कळली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. रक्तदाबाची गोळीही तेथे मिळते. कधी ती संपलेली असते आणि एक रोज बुडतो, हे खरे. परंतु अशा वेळी गप्प परत न येता विचारले पाहिजे, ग्रामसभेत बोलले पाहिजे. मोठ्या ऑपरेशनचा फलक चौकात लागतो. गोळ्यांचा साठा किती आहे, याचाही लागावा.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिले शिकणारे आहोत. सुट्टीत गावी जाल तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या आई-वडिलांचा रक्तदाब तपासून घ्या. घरात कोणी सत्तरी ओलांडलेले असेल तर त्यांचे आयुष्मान कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना उत्पन्नाची अट नाही. शंका असेल तर १४५५५ या क्रमांकावर विचारा. आपण शिकलो त्याचा एवढा उपयोग तरी घराला व्हावा.

अण्णा आता रोज रात्री जेवणानंतर गोळी घेतात. घेतली की कॅलेंडरवर रेघ मारतात. त्यांना लिहिता येत नाही, पण रेघ चुकत नाही.

— द्वितीय वर्ष, कला