गोल्फच्या पिशवीत फेअरवे वुड की हायब्रिड?

खेळाच्या सामानाच्या दुकानात गोल्फचे गिऱ्हाईक थोडे; पण एकेक क्लब हजारो रुपयांचा. चुकीचा क्लब गळ्यात मारला तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. म्हणून या दोन क्लबांतील फरक आम्ही व्यापारी बंधूंपुढे ठेवत आहोत.

फेअरवे वुडचे डोके मोठे व दांडा लांब असतो. तीन नंबरचा वुड साधारण ४३ इंच लांब व त्याच्या तोंडाचा कल १५ अंशांच्या आसपास. पूर्वी ही डोकी पर्सिमन लाकडाची असत. १९७९ साली टेलरमेड कंपनीने पोलादी डोके आणले, तरी नाव ‘वुड’च राहिले. हायब्रिडचे डोके लहान, दांडा दोन-तीन इंच आखूड. लांब लोखंडी क्लब ज्यांना जमत नाहीत, त्यांच्यासाठी तो निघाला.

कल सारखाच असेल तर वुडचा चेंडू सहसा अधिक उंच व लांब जातो. मात्र गवत बारीक कापलेले हवे. दाट गवतातून हायब्रिड सहज निघतो आणि आखूड दांड्यामुळे हातात राहतो.

नियमानुसार पिशवीत १४ हून अधिक क्लब चालत नाहीत. तेव्हा गिऱ्हाइकाला आधी विचारावे : चेंडू बहुधा कोठे पडतो? कोणत्या अंतराचा क्लब पिशवीत नाही? कंपनीगणिक नंबर व कल यांचा मेळ बदलतो. म्हणून नंबरावर न जाता कल पाहूनच माल द्यावा.