निबंध एआयचा आहे का, हे एआयला विचारू नका

"पोरांनी निबंध चॅटजीपीटीकडून लिहून घेतला की लगेच कळतं हो! साइटवर टाकायचा, ती टक्केवारी सांगते." तेलंगणातलं मंचेरियल असो की महाराष्ट्रातलं चंद्रपूर, शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. आणि त्या टक्केवारीवर कुणाचे तरी गुण जातात.

कळत नाही. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये एआयचा मजकूर ओळखणारं साधन काढलं होतं. कंपनीच्याच चाचणीत एआयच्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याला ओळखता आला आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के त्याने एआयच्या नावावर टाकला. इंग्रजीखेरीज इतर भाषांसाठी वापरू नका, असंही बजावलं होतं. जुलैत ते बंदच केलं. तरी मराठी निबंध असल्या साइटवर तपासणारे आहेतच!

इंग्रजी निबंधाचं तरी काय? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध अशा सात साधनांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले. ही साधनं मुख्यतः पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, हे मोजतात; सहज ओळखता आला की एआयचा संशय. घरी मराठी, गल्लीत तेलुगू आणि वहीत इंग्रजी असं पोर लिहिणार काय? 'माय व्हिलेज इज व्हेरी ब्यूटिफुल. देअर इज अ रिव्हर.' सरळ, पाठ केलेलं, ओळखता येणारं. म्हणजे चोर ठरणार तेच. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र त्याच चाचणीत बहुतेक सुटले.

काही जण तर चॅटजीपीटीलाच विचारतात, "हे तू लिहिलंस का?" दुसऱ्यांना काय लिहून दिलं याची नोंदवही त्याच्यापुढे उघडी नसते, तरी ते बिनदिक्कत 'हो' म्हणू शकतं. टेक्सासमधल्या एका प्राध्यापकाने २०२३ मध्ये असंच विचारून वर्गाचे निकाल अडवले होते. त्यापेक्षा पहिला खर्डा वर्गातच हाताने लिहून घ्यावा, मग पोराला समोर बसवून विचारावं: हा शब्द का घेतलास? नदी कोणती? दोन मिनिटांत उलगडा होतो.

शिक्षकांच्या खोलीतली आणखी काही वाक्यं. 'बंदी घातली की मिटलं': न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनी चॅटजीपीटीवर जानेवारी २०२३ मध्ये घातली, मेमध्ये मागे घेतली.

'फुकट आहे, वापरू द्या': चॅटजीपीटीच्या अटींनुसार वय किमान १३ हवं आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी.

'शिकवायचं तर प्रत्येकाकडे मोबाइल हवा': शिक्षकांचा एक पुरतो. त्यावर चॅटजीपीटीला मंचेरियल कोणत्या जिल्ह्यात, हे विचारा. ११ ऑक्टोबर २०१६ पर्यंत ते आदिलाबादेत होतं, आता स्वतःच जिल्हा आहे. बेल्लमपल्ली, चेन्नूरही त्यातच. एआय शिकलेल्या मजकुरात जुनं-नवं दोन्ही असतं, त्यामुळे उत्तरात घोळ होऊ शकतो. आलेलं उत्तर फळ्यावर जसंच्या तसं लिहा, खडू पोरांच्या हातात द्या आणि चुकलेलं खोडायला सांगा. मात्र खोडणाऱ्याने ते कशावरून चूक, हेही सांगायचं.