बाजारपेठ उभी राहिली, शाळा बंद पडली

नगरपालिकेचा कारभार काटकसरीने चालावा, याविषयी दुमत नसते. परंतु काटकसर कोठे करावयाची, हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. अमेरिकेतील बोस्टनचे दुसरे महापौर जोसाया क्विन्सी (१७७२-१८६४) यांचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे.

क्विन्सी १८०५ ते १८१३ या काळात अमेरिकी प्रतिनिधीगृहाचे सदस्य होते. एकटे पडण्याची त्यांना भीती नव्हती. १८०९ मध्ये त्यांनी अध्यक्ष जेफर्सन यांच्याविरुद्ध चौकशीचा ठराव मांडला, तेव्हा विरोधात ११७ मते पडली. बाजूने पडलेले एकमेव मत त्यांचे स्वतःचे होते.

बोस्टनला शहराचा दर्जा १८२२ मध्ये मिळाला आणि पुढच्याच वर्षी क्विन्सी महापौर झाले. त्यांनी रस्त्यांवरील घाण हटविली, अग्निशामक दलाची पुनर्रचना केली. फॅन्युएल हॉलजवळ गोदीचा भाग बुजवून त्यांनी ग्रॅनाइटची भव्य बाजारपेठ उभारली. तेथील भूखंड विकून खर्चाचा मोठा भाग भरून काढण्यात आला. एवढी दूरदृष्टी त्या काळच्या नगरकारभारात विरळाच होती.

बाजारपेठ खुली झाली त्याच वर्षी, १८२६ मध्ये, बोस्टनमध्ये मुलींसाठी सार्वजनिक हायस्कूल सुरू झाले. जागांच्या मानाने अर्ज फार आले. मुलगे नोकरीधंद्यासाठी मध्येच शाळा सोडत; मुली मात्र टिकून राहत. म्हणजे खर्च वाढतच जाणार, असा क्विन्सींचा हिशेब होता. १८२८ मध्ये शाळा बंद झाली. एखादी संस्था अपयशामुळे बंद पडते. ही मात्र यशामुळे बंद पडली. पुढे सुमारे पाव शतक बोस्टनच्या मुलींना तशी शाळा लाभली नाही.

बाजारपेठेचे उत्पन्न भूखंडांच्या विक्रीतून लगेच हाती आले. शिक्षणाचा लाभ मात्र पुढच्या पिढीच्या पदरात पडतो. चालू वर्षाच्या जमेच्या बाजूस तो दिसत नाही. क्विन्सींसारख्या कर्तबगार प्रशासकाचीही नजर येथे अडखळली.

१८२८ च्या अखेरीस मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले नाही. पुढे १८२९ ते १८४५ पर्यंत ते हार्वर्डचे अध्यक्ष होते. त्या विद्यापीठातही तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता. त्यांची बाजारपेठ 'क्विन्सी मार्केट' या नावाने आजही उभी आहे. बंद झालेल्या शाळेच्या दारातून परतलेल्या मुलींचे काय झाले, याची नोंद मात्र नगरपालिकेच्या कोणत्याही जमाखर्चात सापडणार नाही. अंदाजपत्रकाला मंजुरी देणाऱ्या प्रत्येक नगरपित्याने ही न दिसणारी बाजूही तपासली पाहिजे.