लाजाळू भाचा, गोडबोल्या शाहीर

बेसाच्या एका फ्लॅट स्कीममध्ये दर शनिवारी रात्री माझ्या भाच्याकडे पाच मित्र टेबलाभोवती बसतात. पत्ते नाहीत, कॅरम नाही. पेन्सिली, कागद आणि वीस बाजूंचा फासा. हा भाचा एरवी कुरिअरवाला आला तरी आईला पुढे करतो. नोकरीच्या दोन मुलाखती त्याने पोटदुखीचं कारण सांगून सोडल्या. त्या टेबलावर मात्र तो एक गोडबोल्या शाहीर असतो, पहारेकऱ्यांना बोलण्यात गुंगवून किल्ल्यात शिरणारा.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४मध्ये अमेरिकेत आणला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. प्रत्येक पात्राचे सहा गुण आकड्यांत मांडलेले असतात. ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि सहावा करिश्मा. भाच्याच्या शाहिराचा करिश्मा १६ आहे. आताच्या नियमांनुसार त्याबद्दल फाशावरच्या आकड्यात ३ मिळवायचे. पहारेकऱ्याला पटवायला १५ लागत असतील, तर फाशावर निदान १२ पडायला हवेत. म्हणजे शक्यता ४५ टक्के. एवढा मोहक माणूस, तरी निम्म्याहून जास्त वेळा नकारच!

मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. लाजाळू माणसाला नकाराची धास्ती असते, म्हणून तो बोलणंच टाळतो. टाळल्यामुळे त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, पण नकार पचवता येतो हे कधी कळतच नाही आणि भीती तशीच राहते. खेळात नकार मिळतो, सगळे हसतात, गोष्ट पुढे सरकते.

भूमिका घेऊन स्वभावाला वळण देण्याची कल्पना मानसशास्त्राला नवी नाही. झाडीपट्टीची नाटकं पाहत वाढलेल्या आपल्या विदर्भाला तर नाहीच नाही. जॉर्ज केली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५मध्ये अशी उपचारपद्धत मांडली. रुग्णाला एका काल्पनिक माणसाचं शब्दचित्र लिहून द्यायचं, त्याला वेगळं नाव द्यायचं आणि साधारण दोन आठवडे रोजच्या व्यवहारात त्या माणसासारखं वागायला सांगायचं. हे पात्र रुग्णाच्या अगदी उलट मात्र ठेवायचं नाही, कारण तसं सोंग फार काळ वठत नाही.

सुरुवातीला भाचा म्हणायचा, ‘‘शाहीर त्याची स्तुती करतो.’’ नियमांना एवढं पुरतं, वाक्य स्वतः बोलावं लागत नाही. काही महिन्यांनी ‘शाहीर म्हणतो’चं ‘मी म्हणतो’ झालं. एकदा मी विचारलं, पहारेकरी पटला कसा? ‘‘काही नाही मामा, रात्रभर तिथे उभा राहतो, पण त्याला कोणी काही विचारतच नाही ना. मी त्याच्या गावचं विचारलं.’’ म्हणजे गोडबोल्याचं अर्धं काम ऐकण्याचंच असतं, हे त्याला खेळताखेळता उमगलं.

तरीही हा खेळ म्हणजे उपचार नव्हे. तोंडी परीक्षा, मुलाखत, लग्नकार्य, सगळंच टाळलं जात असेल, त्या विचाराने छाती धडधडत असेल, झोप उडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाला भेटावं. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पुढच्या मुलाखतीला भाचा जाईल की नाही, अजून ठरलेलं नाही. समुपदेशकाची वेळ मात्र त्याने स्वतः फोन करून घेतली.