पंप उघडण्याआधी गेज लावा

नागपुरात मनीषनगर, बेसा, बेलतरोडी या पट्ट्यात उन्हाळ्यात खोदकामाची घाई असते. कुठे नव्या इमारतीचा पाया, कुठे गडर लाइन, कुठे नालीचं काम. सगळ्यांनाच ते पावसाळ्याआधी संपवायचं असतं. अशात पोकलेन बंद पडली की गल्लीच्या तोंडाशी अर्धवट चर तसाच उघडा राहतो. ऑपरेटर सांगतो, "मशीन पावर घेत नाही." मिस्त्री येतो, दोनदा बूम वर-खाली करून बघतो आणि निकाल देतो, "पंप गेला." पंप लाखांच्या घरातला. तो उतरवून नवा बसवला आणि तरीही मशीन तशीच रेंगाळत राहिली, असे प्रसंग या धंद्यात नवे नाहीत. कारण दोष पंपात नव्हताच.

या यंत्राची सगळी ताकद तेलातून येते. डिझेल इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, आणि ऑपरेटरच्या हातातला दांडा हलला की वॉल्व ते तेल हव्या त्या जॅककडे किंवा मोटरकडे वळवतो. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम इथे कामाला लागतो. वीस टनी पोकलेनमध्ये हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 350 किलोपर्यंत जातो. कारच्या चाकातल्या हवेच्या दाबाच्या जवळपास दीडशेपट. जॅकच्या आतला व्यास 120 मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ भरतं 113 चौरस सेंटिमीटर. म्हणजे एकटा जॅक चाळीस टनांच्या आसपास जोर लावू शकतो. बूमला असे दोन जॅक असतात.

एवढा दाब धरून ठेवायचा तर आतल्या भागांमधली फट अगदी बारीक हवी. वॉल्वमधला सरकता दांडा आणि त्याचं भोक यांच्यात काही मायक्रॉनचंच अंतर असतं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा, आणि 40 मायक्रॉनहून लहान कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे तेल स्वच्छ दिसतं म्हणजे ते स्वच्छ आहे असं नाही. न दिसणारी धूळच पंपाचे पृष्ठभाग घासते, वॉल्व अडकवते, सील खाते. हायड्रॉलिक बिघाडांचं सर्वांत मोठं कारण दूषित तेल हेच आहे, यावर या क्षेत्रात फारसं दुमत नाही.

दुसरा शत्रू उष्णता. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा कूलरवर येणारी हवाच तापलेली असते. त्यात कूलरच्या पट्ट्यांत धूळ आणि तेलाचा चिखल बसलेला असेल तर तेल थंड व्हायला वावच उरत नाही. तेलाचं तापमान 80 अंशांच्या वर राहू लागलं की ते पातळ होतं, सील कडक पडतात, आतल्या आत गळती वाढते. आणि ही गळती स्वतःच आणखी उष्णता निर्माण करते. सकाळी झकास चालणारी मशीन दुपारी बारानंतर मरगळते, ती बहुतेक वेळा यामुळेच. फरक नीट ध्यानात घ्यायला हवा. गार असताना चांगली आणि तापल्यावर ढिली पडणारी मशीन आतली झीज दाखवते. गार असताना जड आणि तापल्यावर मोकळी होणारी मशीन बहुधा तेल गरजेपेक्षा जाड असल्याचं सांगते.

नागपूरच्या दक्षिण-पश्चिम भागात वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा काळा खडक लागतो. पायासाठी तिथवर जायचं म्हणजे खडक फोडणारा ब्रेकर लावणं आलं. ब्रेकरचे धक्के पाइपांना आणि जोडांना हादरवतात, छिन्नीजवळची दगडाची भुकटी तेलात शिरायला बघते आणि तेलही लवकर तापतं. म्हणून ब्रेकरवर सतत चालणाऱ्या मशीनचं तेल आणि फिल्टर बदलण्याची मुदत कंपन्यांच्या पुस्तकांत निम्म्याहूनही खाली आणलेली असते. हे पान फार कमी मालक उघडून बघतात.

मग दोष शोधायचा कसा? चांगला फिटर आधी पाना उचलत नाही, प्रश्न विचारतो. सगळ्या हालचाली मंद आहेत की एकच? सगळ्याच मंद असतील तर संशय टाकीकडे, पंपाकडे येणाऱ्या पाइपाकडे, पंपाकडे किंवा वॉल्वमधल्या दांड्यांना सरकवणाऱ्या पायलट दाबाकडे जातो. हा पायलट दाब जेमतेम 40 किलोच्या आसपास असतो. तो घसरला तर धडधाकट पंपही निकामी वाटतो. फक्त बकेट मंद असेल तर बकेटचा जॅक, तिचा वॉल्व आणि दाब मर्यादेत ठेवणारा तिचा रिलीफ वॉल्व एवढंच तपासायचं. यानंतर मशीन सपाट जागी, पुस्तकात दाखवल्याप्रमाणे उभी करून तेलाची पातळी बघायची. तेलावर फेस असेल तर कुठून तरी हवा आत ओढली जाते आहे. तेल दुधाळ दिसत असेल तर पाणी शिरलं आहे. जुना फिल्टर कापून उघडला की पुष्कळ काही कळतं: पितळी चकाकी दिसली तर पंप किंवा मोटर झिजते आहे, काळे रबरी तुकडे दिसले तर सील तुटलं आहे.

त्यानंतर गेज. ठरलेल्या ठिकाणी दाब मोजून पुस्तकातल्या आकड्याशी ताडायचा. पंपाच्या कवचातून टाकीकडे परतणारं तेल मिनिटाला किती येतं हेही मोजता येतं. ते प्रमाणाबाहेर असेल तरच पंप खरोखर झिजलेला.

मशीन चालताना एका बाजूला ओढत असेल तर आणखी एक साधी युक्ती आहे. डाव्या आणि उजव्या चेनच्या मोटरकडे जाणारे पाइप आपसांत बदलायचे. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर तो पंपाकडच्या किंवा वॉल्वकडच्या भागात आहे. तो त्याच बाजूला राहिला तर मोटर तपासायची. यात एकही नवा सुटा भाग लागत नाही.

याउलट एक सवय फार महागात पडते. जोर कमी वाटला की रिलीफ वॉल्वचा स्क्रू आवळायचा. त्या दिवशी काम निघतं, पण खरा दोष आत दडून राहतो, पाइप फुटू लागतात आणि पंपावर त्याला न झेपणारा भार येतो. गेज न लावता त्या स्क्रूला हात लावणाऱ्या मिस्त्रीला मालकाने तिथेच थांबवावं.

मोठ्या यंत्रांच्या देखभालीत, विशेषतः खाणींमध्ये, तेलाची प्रयोगशाळेत तपासणी करण्याची पद्धत रुळलेली आहे. नागपुरात मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उमरेड, चंद्रपूर, वणीकडच्या उघड्या खाणींत तर अशा प्रचंड यंत्रांवरच सगळं उत्पादन अवलंबून असतं. तेलाच्या नमुन्यात सिलिकॉन वाढलं तर धूळ शिरते आहे, तांबं वाढलं तर पंपातले पितळी भाग झिजत आहेत, क्रोमियम वाढलं तर जॅकच्या दांड्यावरचा मुलामा निघतो आहे. मशीन बंद पडण्याच्या कितीतरी आधी हे कळतं. दोन-तीन पोकलेन बाळगणाऱ्या ठेकेदारालाही ही तपासणी परवडते. पंपाच्या किमतीपुढे तिचा खर्च नगण्य आहे.

बाकीची काळजी तर फारशी खर्चाचीही नाही. नवं तेलही गाळूनच भरावं, कारण बॅरलमधलं तेल या यंत्राला हवं तेवढं स्वच्छ असेलच असं नाही. बॅरल उघड्यावर उभा ठेवला तर झाकणावर साचलेलं पावसाचं पाणी हळूहळू आत शिरतं. तो आडवा ठेवावा. पाइप सोडला की त्याच्या तोंडाला चिंधी न कोंबता घट्ट बूच लावावं. टाकीच्या तळाचं पाणी ठरल्या वेळी काढावं, टाकीत हवा येऊ देणारा ब्रीदर बदलावा, कूलर रोज फुंकून घ्यावा. पावसाळ्यात मशीन उभी राहणार असेल तर जॅकच्या उघड्या दांड्यांना ग्रीस फासावं. तिथे चढलेला गंज पुढे सील कापतो.

आणि एक गोष्ट पैशांपलीकडची. गळती शोधताना पाइपावरून हात फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आतला मांसल भाग काही तासांत मरू लागतो आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागू शकतो. दुरुस्तीचं काम करण्याआधी बकेट जमिनीवर टेका, इंजिन बंद करा, ऑपरेटरचे दांडे हलवून उरलेला दाब सोडा. उचललेल्या बूमखाली कुणालाही जाऊ देऊ नका. तरीही तेल टोचलंच तर घरी जाऊन हळद लावत बसू नका. त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाखालचं हायड्रॉलिक तेल आत गेलं आहे.